लाल ढालीवरचे पांढरे चिन्ह: कोसॅक घराण्याची वंशावळ शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांची सून युक्रेनमधल्या चेर्निहिव भागातली. तिची आजी सांगते की घराणे कोसॅक म्हणजे त्या मुलखातल्या मुक्त लढवय्यांच्या सरदारांचे, मूळपुरुष पोलंडमधून आलेला उमराव, आणि त्याचा नातू कोसॅकांचा हेतमान म्हणजे सर्वोच्च सेनापती बोहदान ख्मेल्नित्स्की याच्या फौजेत कर्नल होता. लग्नात कोणीतरी एका संकेतस्थळावरून सुनेच्या आडनावाचे ‘कुलचिन्ह’ मागवून चौकटीत बसवून भेट दिले: लाल ढाल, तिच्यावर इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी पांढरी आकृती, वर शिरस्त्राण आणि मुकुट. आता नातवासाठी दोन्ही बाजूंची वंशावळ छापायची आहे. हे चिन्ह त्यात घालावे का, आणि आजीच्या गोष्टीतले खरे किती, हे कसे तपासायचे?

त्या प्रदेशातल्या सरदार घराण्यांची दप्तरे वाचणे हेच माझे काम, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. चिन्ह खरे आहे, जुने आहे, पण ते तुमच्या सूनबाईंच्या घराण्याचे आहे असे त्या चौकटीवरून अजिबात ठरत नाही. आजीची गोष्ट मात्र टाकून देऊ नका. ती बहुधा १७८०-९० च्या सुमाराची आहे, १६४० ची नव्हे, आणि तिचा उपयोग तसाच करायचा असतो.

लाल ढालीवरच्या त्या पांढऱ्या चिन्हाचे नाव आब्दांक. पोलिश पद्धतीत कुलचिन्ह एका घराण्याचे नसते. एकेक चिन्ह शेकडो आडनावे वापरतात, आणि त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असेलच असे नाही. आपल्याकडे एकच देवक अनेक आडनावांचे असते तसे समजा, फक्त देवक जुळले तर सोयरीक होत नाही, तिथे तसले बंधन नव्हते. १४१३ मध्ये होरोद्वो इथल्या करारात पोलंडच्या उमराव कुळांनी लिथुएनियाच्या ४७ सरदारांना आपापली चिन्हे बहाल केली. आब्दांक त्या वेळी लिथुएनियातल्या गाश्तोल्द घराण्याला मिळाले. रक्ताचा संबंध शून्य, चिन्ह मात्र एक.

ख्मेल्नित्स्की स्वतः आब्दांकच वापरत असे. पोलंडबरोबरच्या झ्बोरिवच्या तहानंतर १६४९ मध्ये फौजेची जी प्रसिद्ध नोंदवही झाली, तिच्यात त्याचे हे चिन्ह रंगवलेले आहे आणि भोवती त्याच्या नावाची व पदवीची आद्याक्षरे आहेत. त्याच्यामागून हेतमान झालेला इव्हान व्हिहोव्स्की हाही आब्दांकवालाच. दोघांचे मूळ घराणे एक नव्हते. नाते जुळले ते पुढे, व्हिहोव्स्कीच्या भावाने ख्मेल्नित्स्कीच्या मुलीशी लग्न केले तेव्हा. खुद्द हेतमानांची ही स्थिती, तर आडनाव जुळले म्हणून चिन्ह चिकटवणाऱ्या दुकानाचे काय सांगावे? ही दुकाने पोलिश चिन्हकोश उघडतात, त्यातल्या त्यात जवळचे आडनाव शोधतात आणि छापून मोकळी होतात. चेर्निहिवकडच्या ‘-स्की’ने संपणाऱ्या आडनावाला पोलंडमध्ये नावभाऊ सापडतोच.

आता मुळाशी जाऊ, कारण इथले सगळे गुंते एका ऐतिहासिक अडचणीतून निर्माण झाले आहेत.

१६४८ च्या उठावात कोसॅकांनी पोलिश उमरावांची सत्ता नीपर नदीच्या आसपासच्या मुलखातून उखडली आणि तिथे आपले राज्य उभे केले. वर हेतमान, त्याच्याखाली पोल्क म्हणजे लष्करी जिल्हे, प्रत्येक पोल्कावर कर्नल, पोल्काखाली सोत्न्या म्हणजे छोटे लष्करी विभाग आणि त्यावर सोत्निक. १६४९ च्या नोंदवहीत असे १६ पोल्क आणि चाळीस हजारांच्या वर माणसे आहेत. पुढे नदीच्या डाव्या तीरावर दहा पोल्क टिकले, चेर्निहिव त्यातलाच एक. हे अधिकारी म्हणजे स्तार्शिना. त्यांच्यात जुने छोटे उमराव होते तसे साधे शेतकरी कोसॅक, व्यापारी आणि पाद्र्यांची मुलेही होती. बाहेरून आलेलेही पुष्कळ: अपोस्तोल घराणे मोल्दाव्हियाचे, मिलोरादोविच हर्झेगोविनाचे सर्ब, काप्निस्त ग्रीक. मार्कोविच घराण्याचा मूळपुरुष मार्को अव्रामोविच हा प्रिलुकीचा व्यापारी, ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. त्याची मुलगी नास्त्या हेतमान इव्हान स्कोरोपाद्स्कीची पत्नी झाली आणि भाऊबंद बड्या पदांवर चढले. मला या समाजाचे हे मोकळेपण फार मोलाचे वाटते. दोन पिढ्यांत बाजारातला माणूस हेतमानाच्या पंगतीला बसू शकत होता, आणि त्यासाठी त्याला आजोबांचे कागद दाखवावे लागत नव्हते.

हळूहळू हे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. हेतमानाच्या सनदांनी गावे मिळाली, कर्नलांच्या घरांत आपसात लग्ने होऊ लागली. ज्यांना प्रत्यक्ष पद नव्हते पण घराणे मोठे होते त्यांच्यासाठी ‘बुंचुकोवी तोवारिश’, ‘व्हिइस्कोवी तोवारिश’, ‘झ्नाच्कोवी तोवारिश’ असे मानाचे दर्जे निघाले. पहिले थेट हेतमानाच्या निशाणाखालचे, तिसरे पोल्काच्या. जुन्या कागदात आडनावापुढे यांपैकी कोणता शब्द आहे, हे पहिल्यांदा बघायचे.

पण कायद्याच्या नजरेत हे उमराव होते का? १६५८ च्या हाद्याचच्या करारात पोलंडने प्रत्येक पोल्कातल्या शंभर कोसॅकांना उमरावपद देण्याचे कबूल केले होते, तो करार टिकला नाही. पुढे हे राज्य ज्यांच्या छत्राखाली गेले त्या रशियाच्या त्सारांकडून वैयक्तिक सनदा थोड्यांनाच मिळाल्या. बाकीचे स्वतःला उमराव समजत, तसेच वागत, आणि हेतमानाच्या राज्यात कोणी विचारत नव्हते.

विचारणारे आले ते राज्य बुडाल्यावर. १७६४ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने हेतमानपद काढून टाकले. १७८१-८२ मध्ये पोल्कांच्या जागी रशियन धर्तीचे प्रांत आले, १७८३ मध्ये शेतकरी जमिनीला बांधले गेले, आणि १७८५ मध्ये उमरावांची सनद निघाली. आता प्रत्येक प्रांतात उमरावांची वंशनोंदवही ठेवायची, सहा भागांत. पहिल्या भागात बादशाही सनदेने झालेले, दुसऱ्यात लष्करी पदाने, तिसऱ्यात मुलकी पदाने, चौथ्यात परदेशी, पाचव्यात काउंट-प्रिन्ससारखे किताबवाले, आणि सहाव्यात शंभर वर्षांहून जुनी घराणी. नोंदवहीत नाव आले तर जमीन, कुळे, करमाफी. नाही आले तर साधा कोसॅक, अगदी शेतकऱ्यांतही गणना होण्याची भीती. ज्यांनी आयुष्यात कधी कुर्सीनामा लिहिला नव्हता त्या हजारो कुटुंबांना एकाएकी आजोबा-पणजोबा सिद्ध करून द्यायचे होते.

सनदेच्या ९२ व्या कलमात चालतील अशा पुराव्यांची यादी आहे. त्यात एक वाट अशी होती: बाप आणि आजा उमरावासारखे राहत होते, असे बारा निर्विवाद उमरावांनी लिहून द्यावे. शेजारच्या बारा जणांना बरोबर घेऊन एकमेकांच्या अर्जांवर सह्या झाल्या. ज्यांना हे पुरेसे वाटले नाही त्यांनी पोलंडमधला मूळपुरुष शोधला. पोलिश उमरावपद रशियन दरबाराला मान्य होते, आणि युद्धांत घरे जळाल्यामुळे ‘जुने कागद नष्ट झाले’ हे सांगणे सोपे होते. तुमच्या सूनबाईंच्या आजीची गोष्ट मला या काळातली वाटते ती म्हणूनच. डाव्या तीरावरच्या अर्जांत ‘पूर्वज पोलिश राष्ट्राचे’ हे वाक्य इतक्यांदा येते की नवल वाटत नाही.

एक अर्ज जरा सविस्तर सांगतो, कारण तो वाचायला शिकलात तर बाकीचे आपोआप वाचता येतील. लेखक निकोलाय गोगोल यांचे आजोबा अफानासी पोल्काच्या कचेरीत लेखनिक होते. त्यांचे वडील पाद्री, आजोबाही पाद्री, आडनाव यानोव्स्की. पत्नी मात्र लिझोहुब या नामांकित सरदार घराण्यातली. उमरावपदासाठी त्यांनी लिहून दिले की आपला पूर्वज आंद्री होहोल हा मोहिलिवचा कर्नल, आणि त्याला पोलंडचा राजा यान काझिमिर याने १६७४ मध्ये गाव इनाम दिले. १७९२ मध्ये उमरावपद मान्य झाले आणि कुटुंब होहोल-यानोव्स्की झाले.

आता हे तपासा. यान काझिमिरने १६६८ मध्येच गादी सोडली आणि १६७२ मध्ये तो वारला. १६७४ मध्ये पोलंडने यान सोबिएस्कीला राजा निवडले. म्हणजे सनद देणारा राजा त्या साली हयातच नव्हता. इतिहासात त्या भागातला जो होहोल कर्नल ठाऊक आहे त्याचे नाव आंद्री नव्हे, ओस्ताप. तो १६७९ मध्ये वारला. ओस्ताप होहोल आणि पाद्री यानोव्स्की यांच्यामधला दुवा सिद्ध झालेला नाही. अफानासी लबाड होते असे मी म्हणणार नाही. कदाचित घरात एखादा जीर्ण कागद, अर्धवट आठवण, सासरकडचा मान या सगळ्यांतून त्यांनी ते रचले असेल. एका कचेरीने त्यांच्या मुलांचे भवितव्य एका पणजोबाला बांधले होते, आणि माणसाने पणजोबा आणून दिला. त्यात मला माणुसकीच दिसते. पण वंशावळीत तो पणजोबा जसाच्या तसा उतरवायचा नाही.

मोठ्यांनीही हेच केले. लेमेशी गावचा साधा कोसॅक ह्रिहोरी रोझुम, त्याचा मुलगा ओलेक्सी गाण्याच्या गळ्यावर सेंट पीटर्सबर्गच्या दरबारात पोहोचला आणि सम्राज्ञी एलिझाबेथचा प्रियपात्र झाला. १७४४ मध्ये त्याला काउंटपद मिळाले तेव्हा जर्मन सम्राटाच्या सनदेत रोझुमोव्स्की घराणे पोलंडच्या रोझिन्स्की कुळातून निघाल्याचे नमूद झाले. धाकटा भाऊ किरिलो हा शेवटचा हेतमान. कोचुबेई घराणे तातार सरदाराचे मूळ सांगत असे. त्यांच्या चिन्हात ज्वाळांनी वेढलेले हृदय आहे आणि खाली ‘जिथे जळतो तिथेच उंचावतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन. व्हासिल कोचुबेईने हेतमान माझेपाविरुद्ध त्सार पीटरकडे फितुरीची फिर्याद केली, पीटरने ती खोटी मानून त्याला माझेपाच्याच हवाली केले आणि १७०८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी माझेपा खरोखर पीटरच्या शत्रूच्या, म्हणजे स्वीडनच्या, बाजूला गेला. हे चिन्ह वाचताना ही हकीकत माहीत असली पाहिजे.

म्हणून मी कोणाही जिज्ञासूला सांगतो की चिन्ह शेवटी बघा, आणि बघाल तेव्हा चित्रात नव्हे, शिक्क्यावर बघा. सतराव्या-अठराव्या शतकातले स्तार्शिना पत्रांवर आणि खरेदीखतांवर लाखेचा किंवा कागदाखाली दाबलेला शिक्का उठवत. त्यावर ढाल, ढालीत बाण, क्रॉस, चंद्रकोर, तारा, बाणांनी विंधलेले हृदय, आणि भोवती आद्याक्षरे. आद्याक्षरांत पदाचेही अक्षर असते, त्यामुळे तो माणूस सोत्निक असताना शिक्का खोदला की कर्नल झाल्यावर हे कळते आणि कागदाला तारीख नसली तरी काळ बांधता येतो. सख्ख्या भावांच्या शिक्क्यांवर वेगळी चिन्हे दिसू शकतात, एकाच माणसाच्या दोन शिक्क्यांत फरक दिसू शकतो. काही चिन्हे पोलिश कोशात बसतच नाहीत. बाण, रेघा, अर्धवर्तुळे यांची ती जुनी मालकीखूण असते, आणि माझ्या मते अशी खूण हीच घराण्याची सगळ्यांत प्रामाणिक आठवण.

शिक्क्याला रंग नसतो. म्हणून कोसॅक घराण्याच्या चिन्हातले लाल, निळे, सोनेरी पुष्कळदा १७८५ नंतर अर्जासोबत चित्र जोडताना ठरले. चित्रकाराने जवळचे पोलिश चिन्ह बघून शिक्क्यावरची वाकडी रेघ सरळ केली, रंग भरले, वर शिरस्त्राण आणि शहामृगाची पिसे चढवली. शिवाय प्रांताच्या नोंदवहीत नाव आले म्हणजे चिन्ह बादशहाने मंजूर केले असे होत नाही. मंजुरी वेगळी: एक तर स्वतंत्र सनद, नाही तर सम्राट पावेलच्या हुकुमाने १७९७ मध्ये सुरू झालेल्या साम्राज्याच्या सर्वसाधारण चिन्हकोशात समावेश. डाव्या तीरावरची बहुसंख्य घराणी नामंजूर, तरीही पिढ्यान्‌पिढ्या वापरातली चिन्हे मिरवत राहिली. ती खोटी ठरत नाहीत, फक्त त्यांचा दर्जा वेगळा.

या चिन्हांसाठी एकच संग्रह पहिल्यांदा उघडावा: व्लादिस्लाव लुकोम्स्की आणि वादिम मोद्झालेव्स्की यांचा १९१४ चा ‘मालोरॉसियस्की गेर्बोव्हनिक’, म्हणजे या प्रदेशाचा चिन्हकोश. चित्रे हेओर्ही नार्बुत यांची, जे स्वतः ह्लुखिवजवळच्या जुन्या सरदार घराण्यातले. वंशावळींसाठी याच मोद्झालेव्स्कींचा ‘मालोरॉसियस्की रोदोस्लोव्हनिक’ हा वंशावळकोश, १९०८ ते १९१४ मध्ये चार खंड, आडनावे वर्णानुक्रमाने. पाचवा त्यांच्या हयातीत आला नाही. १९२० मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. मोद्झालेव्स्कींची पद्धत मला आदर्श वाटते. ते कुटुंबाची दंतकथा देतात, पण पिढ्यांना क्रमांक द्यायला तिथून सुरुवात करतात जिथून कागद बोलू लागतो. तुम्हीही तसेच करा.

आता प्रत्यक्ष शोध. वरून खाली येऊ नका. ख्मेल्नित्स्कीच्या कर्नलापासून सुरुवात केली तर आडनाव जुळणारा कोणीतरी सापडतोच आणि मग मधल्या पिढ्या कल्पनेने भरल्या जातात. १६४९ च्या नोंदवहीत वय नाही, नाते नाही, गाव बहुतेकदा सोत्न्यापुरते. पुष्कळांच्या नावापुढे फक्त बापाचे नाव किंवा टोपणनाव. मधली साखळी नसताना त्या वहीशी नाते जोडणे जवळपास अशक्य आहे.

खालून वर जा. सूनबाईंच्या पणजोबांपर्यंत घरातले दाखले पुरतील. त्याआधी गावच्या चर्चची जन्म-विवाह-मृत्यूची नोंदवही, जी साम्राज्यात १७२२ पासून सक्तीची झाली. तिच्या जोडीला चर्चमधल्या दरवर्षीच्या पापकबुलीच्या याद्या, ज्यात सबंध घर वयांसकट येते. मग करासाठीच्या शिरगणत्या: १८५८, १८५०, १८३४, १८१६, १८११, १७९५ आणि १७८२. यांत वर्ग लिहिलेला असतो: कोसॅक, पाद्री, शेतकरी वगैरे. तो रकाना नावाइतकाच नीट वाचा. एकाच आडनावाचा जमीनदार, त्याच्या शेजारचा कोसॅक आणि त्याचाच बांधील शेतकरी एका गावात असणे नेहमीचे आहे, आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नसू शकतो. उलटही घडते. १७८५ नंतर ज्यांना पुरावा देता आला नाही, त्या शाखा कोसॅक वर्गात राहिल्या आणि सख्खे चुलते उमराव झाले. म्हणून शिरगणतीत ‘कोसॅक’ लिहिलेले बघून खट्टू होऊ नका. घराणे तेच असू शकते.

१७८२ च्या मागे गेलात की या प्रदेशाची खरी संपत्ती हाती लागते: १७६५ ते १७६९ मध्ये या मुलखाचा रशियन प्रशासक रुम्यांत्सेव्ह याने करवून घेतलेली सबंध मुलखाची पाहणी. घर, माणसे, वये, दुखणी, गुरे, गिरण्या, जमीन आणि ती कशी मिळाली याच्या खरेदीखतांच्या नकला. सगळे खंड वाचलेले नाहीत, पण चेर्निहिव पोल्काचा बराच भाग कीव्हच्या मध्यवर्ती ऐतिहासिक दप्तरखान्यात ५७ क्रमांकाच्या संग्रहात आहे. त्याच्याही मागे पोल्कांच्या हजेरीयाद्या आणि हेतमानांच्या सनदा. याकिव मार्कोविच आणि मिकोला खानेंको या दोन सरदारांच्या रोजनिशींत कोण कोणाकडे जेवले, कोणाचे बारसे, कोणाचे मयत, हे सगळे येते. कुठल्याही सरकारी कागदात न सापडणारी सोयरीक मला तिथे सापडली आहे.

घराणे उमराव असेल तर चेर्निहिवच्या प्रांतिक दप्तरखान्यात १३३ व्या संग्रहात उमराव सभेची फाइल शोधा. फाइल मिळाली की तिचे दोन भाग करा: कुटुंबाने काय म्हटले आणि सोबत कोणते कागद जोडले. कागद ज्या पिढीपासून सुरू होतात ती तुमची पहिली पिढी. कागदाची तारीख, सनद देणारा, आणि त्या साली तो त्या पदावर होता का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा. सेंट पीटर्सबर्गच्या चिन्हखात्याने पुढे या प्रांतांतली बरीच प्रकरणे पुन्हा उघडली. कोसॅक पदांपैकी कोणती वंशपरंपरागत उमरावपद देतात, हा वाद १८३५ च्या हुकुमाने मिटला. त्यामुळे एकाच कुटुंबाची दुसरी फाइल तिथल्या ऐतिहासिक दप्तरखान्यात १३४३ व्या संग्रहात असू शकते. आजच्या युद्धात ती मागवणे अवघड झाले आहे, पण युक्रेनमधल्या दप्तरांचा मोठा भाग स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतो. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर चर्चच्या वह्या आहेत, आणि युक्रेनी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी गावनिहाय दुवे जमवले आहेत. बाँबहल्ल्यांच्या काळात हे काम करत राहिलेल्या त्या लोकांविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

१९१७ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत सरकारने सगळे वर्ग आणि किताब रद्द केले. त्यानंतर उमराव आजोबा असणे धोक्याचे झाले. लोकांनी फोटो जाळले, अर्जांत ‘शेतकरी’ लिहिले, काहींनी आडनाव बदलले. आजीला हे सगळे कुजबुजीत कळले असेल, म्हणून तिच्या गोष्टीत कर्नल आहे पण गाव नाही. तिला कर्नलाबद्दल विचारू नका. कोणत्या चर्चमध्ये बारसे झाले, कोणाचे दफन कुठे आहे, आईचे माहेर कुठले, हे विचारा आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

एक सूचना डोनकडच्या शाखेबद्दल, कारण संकेतस्थळे दोन्ही कोसॅक एकत्र करतात. डोन नदीकाठच्या कोसॅकांची गोष्ट वेगळी. तिथे १७९८ मध्ये कोसॅक पदे रशियन फौजेच्या पदांशी समकक्ष ठरली आणि उमरावपद बहुतांशी त्या पदावरून मिळाले. डोन कोसॅकांचा सेनानी प्लातोव्ह याला १८१२ मध्ये काउंटपद मिळाले तेही रणांगणावरच्या कामगिरीने. तिथे शोध सेवापुस्तिकेतून करायचा असतो, पोलिश चिन्हकोश तिथे कामाचा नाही.

छापायच्या वंशावळीत सध्या आब्दांक घालू नका. ती जागा कोरी ठेवा. उमराव सभेच्या फाइलमध्ये चित्र निघाले तर ते घ्या आणि खाली संग्रह, फाइल आणि साल लिहा. शिक्का मिळाला तर रंग न भरता रेषांतच छापा. आजीची गोष्ट तिच्या शब्दांत, तिच्या नावाने, वेगळ्या पानावर द्या. आणि पुढच्या पत्रात मला सूनबाईंच्या पणजोबांचे पूर्ण नाव, जन्मसाल आणि गाव कळवा. १७८२ पूर्वी ते गाव कोणत्या सोत्न्यात होते हे समजले की रुम्यांत्सेव्हच्या पाहणीचा कोणता खंड उघडायचा ते सांगतो.